घरातला जागल्या



‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण आपण सगळेच वापरतो. वापरतो ती दुसऱ्याला हसण्यासाठी. पण खेड्यात राहणाऱ्या माणसाने ती एकदा स्वतःला लावून पाहावी. मध्यरात्री आपल्या घरात आग लागली, तर बंब तालुक्याच्या गावाहून निघणार, आणि तो पोहोचेपर्यंत जे काय करायचे ते घरातल्या माणसांनीच करायचे. म्हणजे खेड्यातल्या माणसाला बंबापेक्षाही एका गोष्टीची गरज अधिक आहे. ती म्हणजे वेळेवर जाग येण्याची. आज मी बोलणार आहे तो या जागेविषयी, आणि ती आणून देणाऱ्या एका लहानशा डबीविषयी.

मी शास्त्राचा प्राध्यापक नाही. महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. तेव्हा मी हे काय सांगणार, असे कोणाला वाटेल. पण आमच्या न्यायशास्त्रात शेकडो वर्षे एकच उदाहरण घोकले जाते: डोंगरावर धूर दिसतो आहे, अर्थी तिथे आग आहे. वर्षानुवर्षे मी हे फळ्यावर लिहीत आलो, आणि माझ्याच घरात धूर झाला त्या रात्री मात्र गाढ झोपलो होतो.

ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. आमचे घर नामपूरला, मोसमच्या काठच्या गावात. कांद्याचे दिवस होते. ओसरीवर बारदानाची थप्पी लावलेली, तिच्या वर भिंतीला विजेचा बोर्ड, आणि त्या बोर्डाला रात्रभर चार्जर लावून ठेवलेला. तो तापला, ठिणगी बारदानात पडली. बारदान भडकत नाही, धुमसते. ज्वाळा नाही, आवाज नाही, नुसता धूर. आईला म्हातारपणामुळे झोप कमी. ती खोकत खोकत उठली आणि मला हलवून म्हणाली, “ऊठ रे, घरमा धूर शे!” आमचे नुकसान म्हणाल तर आठ-दहा गोण्या आणि एक काळी भिंत, इतकेच. पण त्या रात्री आईला झोप लागली असती तर? हा प्रश्न अजूनही मला सोडत नाही.

आपली अशी समजूत असते की, धूर झाला तर वासाने जाग येईलच. या समजुतीवर विसंबू नका. झोपेत माणसाचे नाक जवळजवळ झोपलेलेच असते. शिवाय धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू येतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसाला जागे करण्याऐवजी अधिकच गुंगी आणतो. आगीत माणसे जळून मरतात असे आपण म्हणतो. पुष्कळदा ती त्याआधीच धुराने गुदमरलेली असतात. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळे गेली. त्यांतली ७ धुराने गुदमरून गेली, असे त्या वेळच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितले होते. ही घटना महाराष्ट्र विसरलेला नाही. तिच्यातून घ्यायचा धडा एवढाच की, ज्वाळेच्या आधी धूर येतो, आणि धुराची वर्दी जितकी लवकर मिळेल तितका जीव वाचण्याचा अवकाश वाढतो.

आमच्या घरातल्या त्या प्रकारानंतर पुण्याला शिकणाऱ्या चिरंजीवांनी दोन डब्या आणल्या. एक धूरसूचक, म्हणजे ज्याला स्मोक अलार्म म्हणतात ती. दुसरी उष्णतासूचक, म्हणजे हीट अलार्म. दिसायला दोन्ही सारख्याच, बशीएवढ्या, पांढऱ्या. पण दोघींचे काम वेगळे, आणि ते समजून घेतल्याशिवाय त्यांची परीक्षा कशी घ्यावी हे कळायचे नाही.

कौलाच्या फटीतून उन्हाचा कवडसा घरात येतो, तो आपल्याला हवेत केव्हा दिसतो? हवेत धूळ किंवा चुलीचा धूर असेल तेव्हा. स्वच्छ हवेत कवडसा दिसत नाही. तो जमिनीवर पडतो तेवढाच दिसतो. धुराचे कण उजेड इकडेतिकडे फेकतात म्हणून मधला पट्टा आपल्या डोळ्यांना दिसू लागतो. आजच्या बहुतेक धूरसूचकांत हीच युक्ती आहे. आत एक अंधारी कोठडी, तीत एक बारीक दिवा आणि एक विजेचा डोळा. दिव्याचा उजेड सरळ डोळ्यात पडणार नाही अशी त्यांची मांडणी असते. धूर आत शिरला की उजेड विखुरतो, डोळ्यात पडतो, आणि कर्णा वाजतो. दुसऱ्या एका जातीत अमेरिशियम या किरणोत्सर्गी द्रव्याचा अतिसूक्ष्म अंश असतो. बंद डबीत त्याचे भय नाही, पण म्हणूनच अशी डबी कोणी उत्सुकतेने फोडू नये, की जाळू नये.

उष्णतासूचकाला धूर दिसत नाही. भोवतालची हवा साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या घरात गेली, किंवा काहींच्या बाबतीत ती फार झपाट्याने तापू लागली, की तो वाजतो. म्हणून त्याची जागा स्वयंपाकघरात, जिथे फोडणीचा धूर रोजचाच. निजायच्या खोलीत तो एकटा पुरेसा नाही, कारण उष्णता वाढेपर्यंत धूर आपले काम करून मोकळा झालेला असतो. आपल्याकडे आणखी एक गोष्ट पाहावी लागते. चैत्र-वैशाखात मालेगाव-बागलाणकडे पारा चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याच्या छपराखाली त्याहूनही अधिक तापते. तेव्हा कोणतीही डबी थेट पत्र्याला चिकटवू नये. किती उष्णतेपर्यंत ती नीट चालते हे सोबतच्या कागदावर छापलेले असते; ते वाचून मगच जागा ठरवावी.

डब्या लागल्या. आम्ही निश्चिंत झालो. आणि खरी चूक झाली ती इथे.

काळ्या मसाल्यासाठी मिरच्या भाजण्याचा दिवस आला. धूरसूचक स्वयंपाकघराच्या दारालगतच लावलेला. त्याने असा काही आकांत मांडला की आमच्या सौभाग्यवती वैतागून म्हणाल्या, “अहो, याला आधी गप्प करा बघू!” मी स्टुलावर चढलो आणि आतले सेल काढून ठेवले. म्हटले, आजच्यापुरतेच. पुढे भिंतीवरचे घड्याळ बंद पडले, आणि ते सेल घड्याळात गेले. दिवाळीची झाडलोट करताना डबी हातात आली तेव्हा ती रिकामी आहे हे ध्यानात आले. आठ महिने आम्ही सगळे त्या रिकाम्या डबीच्या भरवशावर झोपत होतो.

श्रोतेहो, तर्कशास्त्राचा मास्तर म्हणून मला त्या दिवशी जे उमगले ते आजच्या भाषणाचे सार आहे. छतावरची डबी शांत आहे, याचे दोन अर्थ होतात. एक, घरात धूर नाही. दुसरा, डबी मेलेली आहे. आणि दोन्ही शांतता अगदी सारख्या दिसतात. कानाने ओळखता येत नाहीत, डोळ्यांनीही नाही. त्या दोहोंतला फरक सांगणारी गोष्ट एकच: परीक्षा.

आमचे आजोबा जुन्या काळच्या जागल्याच्या गोष्टी सांगत. गावाची राखण करणारा तो माणूस रात्री फेरी मारताना मधून मधून आरोळी देई. चोर आला म्हणून नव्हे. मी जागा आहे, हे गावाला कळावे म्हणून. ती आरोळी ऐकून लोक कूस बदलून पुन्हा झोपी जात. ज्या रात्री आरोळी आली नाही, त्या रात्री चोर नसला तरी शहाण्या माणसाने उठून पाहावे. आपल्या छतावरच्या जागल्याकडूनही अशी आरोळी महिन्यातून एकदा घेतली पाहिजे.

हे केवळ माझ्याच घरचे दुखणे आहे असे नाही. अमेरिकेत अशा डब्या घरोघर आहेत. तिथल्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संस्थेच्या पाहणीत काय आढळले? घरांतल्या आगीत मरणाऱ्या पाच जणांपैकी जवळजवळ तीन अशा घरांत मेले, जिथे डबी नव्हती किंवा होती पण वाजली नाही. आणि न वाजण्याच्या कारणांत पहिला क्रमांक कशाचा? काढून ठेवलेल्या किंवा सोडवलेल्या बॅटरीचा. म्हणजे मिरच्यांच्या धुराला कंटाळलेला मी एकटाच नव्हे!

आता परीक्षा घ्यायची कशी ते सांगतो. प्रथम काय करू नये ते. माझ्या एका स्नेह्यांनी मोठ्या उत्साहाने वर्तमानपत्राची सुरळी पेटवून डबीखाली धरली. डबी वाजली खरी. पण तिचे प्लॅस्टिक वितळले, आत काजळी बसली, जळके कागद पडद्यावर उडाले, आणि स्टुलावरून उतरण्याच्या घाईत त्यांचा पाय मुरगळला. आगीपासून वाचवणाऱ्या वस्तूची परीक्षा आगीने घेणे यासारखा विपरीत न्याय नाही. काडी नको, मेणबत्ती नको, लायटर नको, रॉकेलचा बोळा नको. उदबत्तीही नको, तिचा तेलकट धूर त्या अंधाऱ्या कोठडीत बसतो आणि डोळा अधू करतो. अत्तराचे किंवा डास मारण्याचे फवारेही मारू नयेत. परीक्षेसाठी मुद्दाम बनवलेला फवारा मिळतो, पण तो जाणकाराने, डबीच्या कागदावर परवानगी असेल तरच वापरायचा.

उष्णतासूचकाखाली तर कोणी जळते लाकूड किंवा तापलेली कढई धरू नये. काही जातींत आतला धातूचा तुकडा एकदा वितळला की संपले. ती डबी पुन्हा कामाची राहत नाही. गरम हवेने तपासण्याची मुभा कागदावर स्पष्ट दिलेली असेल तर गोष्ट वेगळी. एरवी त्याचीही परीक्षा बटनानेच.

होय, बटनानेच. प्रत्येक डबीवर परीक्षेचे बटन असते. ते दाबून काही क्षण धरायचे. कर्णा वाजला म्हणजे सेल जिवंत आहेत, आतली यंत्रणा चालू आहे आणि कर्ण्याला आवाज आहे, एवढे सिद्ध झाले. स्टुलावर चढण्याचीही गरज नाही. खाली उभे राहून झाडूच्या दांड्याने बटन दाबता येते. आवाज ३ मीटरवर सुमारे ८५ डेसिबल, म्हणजे चांगलाच कर्कश असतो. म्हणून कान डबीजवळ नेऊ नये, लहान मुलांना आणि घरातल्या आजारी माणसाला आधी सांगून ठेवावे, आणि शेजाऱ्यांनाही कल्पना द्यावी. नाहीतर ते पाण्याच्या बादल्या घेऊन धावत यायचे! महिन्याचा पहिला रविवार असा एक दिवस ठरवून टाकला म्हणजे विसर पडत नाही. तुमच्या डबीचा कागद आठवड्याला तपासा म्हणत असेल, तर आठवड्याला तपासावे.

पण बटनाने काय सिद्ध होत नाही, तेही ध्यानात घ्या. बाहेरचा धूर जाळीतून आत शिरतो की नाही, हे बटन सांगत नाही. जाळीवर धूळ आणि कोळिष्टके साचली असतील तर धूर आत जाणार कसा? म्हणून दोन-तीन महिन्यांनी मऊ कोरड्या ब्रशने बाहेरून झाडून घ्यावे. ओले फडके लावू नये, पाणी मारू नये, आणि भिंतीबरोबर डबीला रंगही देऊ नये. रंगकामाच्या दिवसांत तिला पिशवी बांधावी, आणि काम झाल्यावर आठवणीने सोडावी. मिनिटा-मिनिटाला बारीक ‘टिक्’ असा आवाज येऊ लागला तर बहुधा सेल संपत आले आहेत. त्याच दिवशी नवे घालावेत. आणि मागे छापलेली तारीख पाहावी. धूरसूचक साधारण दहा वर्षांनी बदलायचा असतो, मग तो वाजत असला तरी. घरच्या विजेवर चालणारी डबी मात्र आपण उघडू नये. ते काम वायरमनचे.

स्वयंपाकाने डबी वारंवार ओरडत असेल तर सेल काढू नका, जागा बदला. आम्ही धूरसूचक स्वयंपाकघराच्या दारापासून दूर, निजायच्या खोल्यांसमोरच्या मधल्या जागेत नेला. धूर वर चढतो, म्हणून जागा छताला. पण पंख्याच्या अगदी जवळ नको, कारण पंख्याचा वारा धूर दूर सारतो. न्हाणीघराच्या वाफेजवळही नको, आणि देवघराच्या डोक्यावरही नको. तेव्हापासून मिरच्या भाजल्या जातात आणि डबी गप्प असते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सेल घातले, जागा बदलली, आणि पहिल्या रविवारी सगळ्यांना सांगून मी बटन दाबले. मुले कानांवर हात ठेवून हसू लागली. मला वाटले, जिंकलो. मग धाकटी म्हणाली, “बाबा, आजी तर आलीच नाही.” आई मागच्या खोलीत होती. दार लोटलेले, कूलर चालू. मी जाऊन विचारले, तर तिने मलाच विचारले, “वाजलं का?”

श्रोतेहो, मी मटकन खाली बसलो. ज्या माउलीने आम्हाला त्या रात्री उठवले, तिलाच ही डबी उठवू शकत नव्हती. वय झाले की माणसाला बारीक, उंच पट्टीचा आवाज आधी ऐकू येईनासा होतो, आणि बहुतेक डब्यांचा आवाज नेमका त्याच पट्टीचा असतो. लहान मुलांचेही तसेच. त्यांची झोप इतकी गाढ असते की पुष्कळ मुले हा आवाज होऊनही जागी होत नाहीत. म्हणजे ज्यांना मदतीची सर्वांत अधिक गरज, त्यांनाच आवाज पोहोचत नाही. तेव्हा परीक्षा डबीची नसते, घराची असते. रात्री जशी दारे लावता तशी लावा, पंखा-कूलर चालू ठेवा, प्रत्येकाने आपापल्या अंथरुणावर पडावे, आणि मग एकाने बटन दाबावे. कोणाला ऐकू आले, कोणाला नाही, ते पाहावे.

आम्ही आईच्या खोलीत दुसरी डबी लावली. एक वाजली की सगळ्या वाजतात अशा जोडलेल्या डब्याही मिळतात. पण त्याहून पक्की व्यवस्था माणसांची केली. आवाज झाला की थोरल्याने आजीला उठवायचे, मी धाकटीला. धूर असेल तर वाकून, जमिनीलगत चालायचे, कारण खाली हवा बरी असते. बंद दार उघडण्याआधी त्याला हाताची पालथी बाजू लावून पाहायचे. दार तापलेले असेल तर दुसरी वाट. बाहेर पडून समोरच्या निंबाखाली सर्वांनी जमायचे, माणसे मोजायची, आणि मग १०१ किंवा ११२ ला फोन. पैशाची पेटी, कागदपत्रे, कांद्याची पट्टी, कशासाठीही परत आत जायचे नाही. दर महिन्याला बटन दाबले की हा सगळा पाठ एकदा गिरवायचा. पाच मिनिटांचे काम.

एक खबरदारी आणखी. ही डबी गॅसची गळती ओळखत नाही. सिलिंडरचा वायू हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. धूरसूचक छताला असतो आणि त्याला धूरच कळतो. गॅसचा वास आला तर विजेचे कोणतेही बटन चालू किंवा बंद करू नये, अलार्मचेसुद्धा नाही. दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावे आणि बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर कळवावे.

शिक्षक बंधु-भगिनींना दोन शब्द. शाळेत, वसतिगृहात जी मोठी अग्निसूचक यंत्रणा असते, तिची तपासणी जाणकाराकडूनच करून घ्यावी. त्यासाठी भारतीय मानक २१८९ आहे. आपल्या हाती आहे ते मुलांचा सराव. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजावर दुपारी दोनच्या सुमारास आग लागल्याचे ध्यानात आले. पोटात कापसाच्या गासड्या आणि स्फोटके एकत्र भरलेली. कापूस धुमसत राहिला, आणि चार वाजून सहा मिनिटांनी स्फोट झाला. त्यात प्राण दिलेल्या अग्निशामक जवानांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्या आठवड्यात प्रत्येक मुलाला एकच गृहपाठ द्यावा: घरात डबी असेल तर मोठ्यांच्या देखत तिचे बटन दाबून पाहा, नसेल तर रात्री कोणी कोणाला उठवायचे ते घरच्यांना विचारून वहीत लिहून आण. ज्या घरी डबी नाही, त्या घरालाही हा दुसरा प्रश्न विनामूल्य सोडवता येतो.

आता आमच्या घरी पहिल्या रविवारी सकाळी बटन दाबले की आई आतूनच हाक देते, “आलं रे, ऐकू आलं!” डबीची आरोळी झाली, आणि तिला घराने दिलेला हुंकारही झाला. त्या दोन्ही ऐकल्या की मी महिनाभर निर्धास्त झोपतो. आपणही आपल्या घरातल्या जागल्याला एकदा हाक मारून पाहा. तो जागा आहे ना, आणि त्याची हाक ऐकायला आपण जागे होतो ना, हे दोन्ही पाहा.